हिरीची मच्छरदाणी आणि दहा बोटुकल्या

हिरीला माझ्यापासून काय मिळणार होतं, ते आधी मांडते. आरोग्य उपकेंद्रातून घरटी एक अशी मी वाटली गेले. त्या दिवशी हिरी डोंगरावरच्या वाडीतून वैशाखऱ्याच्या रस्त्यापर्यंत दीड तास उतरली, रांगेत उभी राहिली, अंगठा उठवला आणि मला काखेत मारून पुन्हा दीड तास चढली. एवढ्या पायपिटीच्या बदल्यात डास चावणार नव्हते, हिवताप उंबऱ्याबाहेर राहणार होता आणि लेकरं शांत झोपणार होती. सौदा फायद्याचा होता. पण हिरीनं तो पुरा केलाच नाही. घरी येऊन तिनं मला उलगडलं, गालाला लावून पाहिलं आणि होती तशी घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं.

"येवडी चांगली वस्तू रोज कशाला वापराची? पावनंरावनं आलं का काडू," ती म्हणाली.

मित्रांनो, अशी मी एक जुनी मच्छरदाणी. वयानं जुनी, अंगानं कोरी. सहा वर्षांत हिरीकडे पुष्कळ पाहुणे आले, पण मला बाहेर काढावं इतका मोठा एकही निघाला नाही. घरातली सगळी माणसं मात्र दुसऱ्या एका मच्छरदाणीत झोपत. ती इतकी फाटलेली होती की डासांना आत यायला वाट शोधावी लागत नसे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या धाग्यातच औषध मुरवलं होतं. माझ्यावर डास टेकला की त्याची कथा संपली. मला त्याचा फार अभिमान होता. माझ्या एका कोपऱ्यात पांढरी पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर बारीक अक्षरं होती. ती काय सांगतात हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या पाठीवर काय लिहिलंय ते कुणाला दिसतं? हिरीलाही वाचता येत नव्हतं. पट्टी बोटाला टोचते म्हणून तिनं ती विळीवर कापली. फेकली नाही, कारण हिरी काहीच फेकत नाही. पेटीच्या किल्लीला तिनं ती पट्टी बांधली आणि कमरेला खोचली.

पेटीत पडून पडून मी निराश झाले होते. पण दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर एक मुलगी येऊन बसली. तिचं नाव नम्रता.

नम्रता मुरबाडजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरातली. मासे वाढवायचं शिक्षण घेतलेली, आणि ते गावोगाव शिकवायच्या नोकरीला लागलेली. वाडीखालच्या सखल जागेत, रस्त्याजवळ, दहा गुंठ्यांचं एक तळं होतं. रस्त्याच्या भरावासाठी माती काढली आणि खड्डा उरला, तेच ते तळं. वाडीच्या बारा बायकांनी ते मागून घेतलं होतं, आणि त्यांना मासे कसे पाळायचे हे शिकवायला नम्रता आठवड्यातून एकदा येणार होती. बायका हिरीच्या घरात जमत. घरात खुर्ची नव्हती, म्हणून हिरीनं मास्तरीणबाईंना मान म्हणून पेटीवर बसवलं. त्यामुळे नम्रताचा प्रत्येक शब्द मी पत्र्याआडून ऐकला. वर्गात इतकी जवळ बसलेली विद्यार्थिनी दुसरी नव्हती.

मी तिच्याबद्दल आधी वाकडाच अंदाज बांधला होता. शिकवायला येणारी माणसं मी ऐकली होती. ती येतात, तक्ते टांगतात, फोटो काढतात, चहा पितात आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठतात. ही तसलीच असेल असं मला वाटलं. पण पहिल्या दिवशी तिनं काही शिकवलंच नाही. तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही ओढ्यातले मासे कसे धरता?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. हे कुणी विचारतं का? पण एकदा हिरी बोलायला लागली ती थांबेना. मोहाच्या बियांचं तेल काढलं की मागे पेंड उरते. ती कुटून ओढ्याच्या डोहात टाकायची. घटकाभरानं मासे झिंगतात, वर येतात, तोंड वासतात. मग टोपलीनं गोळा करायचे. नम्रता हे सगळं वहीत लिहून घेत होती. मग ती म्हणाली, "मावशी, हेच औषध आमच्या पुस्तकात आहे. तळ्यात आधीपासून मरळ असतात. आपण पिल्लं सोडली की मरळ त्यांचा फराळ करतात. म्हणून पिल्लं सोडायच्या आधी तळ्यात मोहाची पेंड टाकायची आणि जुने मासे काढून घ्यायचे. पुस्तकवाल्यांना हे तुमच्यासारख्यांकडूनच कळलं असणार."

हिरीचा आवाज त्या दिवशी केवढा वाढला होता म्हणून सांगू! मित्रांनो, शिकवणाऱ्यानं आधी शिकून घेतलं की शिकणाऱ्याला पंख फुटतात, हे मला पेटीत बसून कळलं.

वाकडं बोलणारा एकच होता. हिरीचा दीर कमळू. बायकांच्या सभेत त्याचं काही काम नसे, तरी दाराशी टोपल्या विणत बसायचा आणि मधे मधे तोंड घालायचा.

"वयनी, मासं काय पाळाचं? मासं काय कोंबड्या हायेत?"

"तू कोंबड्या पाळल्यास ना? किती उरल्या?" हिरीनं विचारलं. कमळूच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या होत्या. तरी तो जागचा हलला नाही. ज्याला ऐकायचं नसतं तो दारात बसत नाही.

नम्रतानं एकेक गोष्ट सोपी करून दिली. तळ्यात चुना किती टाकायचा, शेण किती टाकायचं. जादा पाणी बाहेर पडायच्या तोंडाला जाळी कशी लावायची, नाहीतर पावसाळ्यात तुमचे मासे शेजाऱ्याच्या भातात जातील. पाणी माशांसाठी तयार झालं की नाही हे पाहायला तिनं कुठलं यंत्र आणलं नाही. "हात कोपरापर्यंत बुडवा. आपला तळवा दिसेनासा झाला की पाण्यात माशांचं खाणं तयार झालं समजा." दुसऱ्या दिवसापासून वाडीतली पोरंसुद्धा जाता येता तळ्यात हात घालू लागली.

आता तळ्याच्या मागे लागलेला एक माणूस सांगते, म्हणजे गोष्टीत काय पणाला लागलं होतं ते कळेल. देवराम हा खालच्या गावातला मोठा शेतकरी. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक रिकामी जागा आपली वाटायची. त्यानं ग्रामसभेत बोलणं काढलं होतं: "बायांनी तळं घेतलंय, पन नुसतं बगाया घेतलंय का?" शेवटी सभेत ठरलं ते असं. या पावसाळ्यात तळ्यात माशांचं बी पडलं तर तळं बायकांचं. तळं रिकामं राहिलं तर देवरामचं. आणि बी घेऊन येणारी गाडी या रस्त्याला वर्षातून एकदाच येई. यंदा तिचा दिवस महिन्याभरानंतरचा एक शनिवार ठरला. आठशे बोटुकल्या येणार होत्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. नाव ऐकूनच मला ती आवडली होती.

पेंड बायकांनी घराघरातून जमवली. पाच पोती झाली. ज्या दिवशी ती तळ्यात पडली त्या दिवशी वाडीत प्रत्येक चुलीवर मरळीचं कालवण होतं. चौथ्या दिवशी कमळूनं घाई सुरू केली. "ओढ्यात दुसऱ्या दिशी पानी गोड व्हतं. शनवारची वाट कशाला? गाडी आदीच बोलवा."

नम्रता म्हणाली, "कमळूकाका, ओढा वाहतो. तळं वाहतं का?"

कमळूनं टोपलीची काडी दातानं तोडली. "नाय."

"मग पेंडीचा कडूपणा जाणार कुठे? तीन आठवडे थांबायचं. आणि तीन आठवडे झाले तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आधी दहा बोटुकल्या जाळीच्या पिंजऱ्यात सोडून बघायच्या. एक दिवस जगल्या तरच गाडीतलं बी घ्यायचं."

मला हे फार आवडलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा, असं सांगणारी मास्तरीण मी कधी ऐकली नव्हती. पण पुढच्या वाक्यात तिच्या हातून चूक झाली. ती म्हणाली, "पिंजऱ्याला नवी जाळी नको. घरातली जुनी मच्छरदाणी चालेल."

मित्रांनो, तिच्या मनात होती ती धुऊन धुऊन विरलेली, फाटकी मच्छरदाणी. पण नम्रता हिरीच्या घरी पाहुणी आली होती. वाडीतल्या माणसांची एक खोड आहे. बाहेरच्या माणसासमोर फाटकं काढायचं नाही. घरात चटणी भाकर खातील, पण पाहुण्याच्या ताटात अंडं जाईल. हिरीनं कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. सहा वर्षांनी मी उजेड पाहिला.

"ही घे बाय. जुनी हाय, पन कदी वापरली नाय."

"अहो मावशी, एवढी चांगली कशाला?"

"तुज्यापरीस मोठा पावना मला कंचा येनार?"

नम्रता लाजली. त्या लाजण्यात ती दुसरा प्रश्न विचारायला विसरली. आणि मी? मी आनंदानं फुलून गेले होते. मला वाटलं, आता माझं सोनं झालं.

हिरीची सून प्रेमा हिनं मला शिवून चौकोनी पिंजरा केला. प्रेमा सातवीपर्यंत शिकलेली, हाताची हलकी, तोंडाची कमी. तिनं माझ्या चारी कोपऱ्यांत दगड बांधले, चार बांबू रोवले आणि मला तळ्याच्या काठाशी पाण्यात उतरवलं. तीन आठवडे सरल्यावर, गाडीच्या शनिवाराआधीच्या गुरुवारी दुपारी, नम्रता दहा बोटुकल्या घेऊन आली. खर्डीकडच्या एका शेतकऱ्याच्या तळ्यातून त्या आणल्या होत्या. शहापूर, तिथून मुरबाड, तिथून वैशाखरे असा तीन एसट्यांचा प्रवास, आणि पाण्याची फुगीर पिशवी सगळी वाट मांडीवर. कंडक्टरनं विचारलं होतं, "पिशवीत काय?" ती म्हणाली, "दहा मासे." कंडक्टर म्हणाला, "मग दहा हाफ काढा." हे सांगताना ती स्वतःच हसत होती. तिनं पिशवी आधी अर्धा तास तळ्यात तशीच तरंगत ठेवली, म्हणजे पिल्लांना नव्या पाण्याचा गारवा सोसवेल. मग गाठ सोडली. रुपेरी, इवल्या इवल्या, त्या माझ्यात शिरल्या. मी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी कुशीत घेतलं.

नम्रता चारच्या एसटीनं गेली. आणि तासाभरात माझ्या कुशीत काहीतरी विपरीत सुरू झालं. एक बोटुकली एकदम उडाली. दुसरीनं स्वतःभोवती गिरकी घेतली. मग सगळ्याच वेड्यासारख्या झटके देऊ लागल्या. मला वाटलं पाण्यात विष आहे. मी त्यांना आणखी घट्ट धरलं. आज आठवलं की माझे धागे आक्रसतात. विष पाण्यात नव्हतं. विष मी होते. दिवे लागायच्या आत दहाच्या दहा माझ्या तळाशी निपचित पडल्या. शेण टाकायला आलेली हिरी काठावर उभी राहून हे सगळं बघत होती.

शुक्रवारी सकाळी तळ्यावर जत्रा भरली. वाईट बातमीला एसटी लागत नाही. देवराम खालच्या गावातून सगळ्यांच्या आधी पोचला होता. सांत्वन करायला आला होता, आणि तोंडावरचं हसू त्याला काही केल्या पुसता येत नव्हतं.

"अगो हिरे," तो म्हणाला, "मासं पान्यात पवतात गो. त्यांना मच्छरदानीत कशाला निजवलंस?"

लोक खदखदले. हिरी तळ्याकडेच बघत राहिली.

एक बाई पुटपुटली, "पेंड नाय टाकाची व्हती." दुसरी म्हणाली, "गाडी नको म्हनून सांगा. आठशे मेली तर पाप लागल." एकेक करून बाराजणींतल्या नऊजणी मागे सरकल्या. पेंड टाकायचा विचार हिरीनं उचलून धरला होता, पोती तिच्या अंगणात जमली होती. म्हणून सगळ्या नजरा तिच्यावर आल्या. हिरीचं तळंही जात होतं आणि शब्दही.

नऊच्या एसटीनं नम्रता आली. गर्दी बघूनच तिला कळलं. तिनं चप्पल काठावर काढली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि माझ्या तळाशी हात घातला. दहा मोजल्या. तिचा चेहरा उतरला. देवराम म्हणाला, "म्याडम, पुस्तकात काय लिवलंय आता?"

ती म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय की आधी बघणाऱ्याला विचारा." आणि ती हिरीकडे वळली. "मावशी, तुम्ही काल संध्याकाळी इथे होता ना? त्या कशा मेल्या, ते सांगा."

कशा मेल्या! लोकांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. मेल्या त्या मेल्या. पण हिरीनं मान वर केली. हाच प्रश्न ती रात्रभर मनात घोळवत होती आणि तिला कुणी विचारला नव्हता.

"पेंडीचा मासा असा नाय मरत," ती म्हणाली. "पेंडीचा मासा झिंगतो. दारू प्यायल्यावानी हळूहळू वर येतो, तोंड वासतो. ही पिलां उडली, गिरकी घेतली, झटकं दिलं. ह्या मरान मी जन्मात नाय बगितला."

"आणखी काय?"

हिरीही पाण्यात उतरली. तिनं माझ्या तळाशी हात घालून चाचपलं आणि मूठ वर काढली. बोटुकल्यांबरोबर माझ्यात तळ्यातले बारके झिंगेही अडकले होते. तेही सगळे मेलेले.

"हे बग बाय," हिरी म्हणाली, आणि आता तिचा आवाज सगळ्या काठाला ऐकू गेला. "पेंडीनं मासा मरतो. झिंगा नाय मरत. माज्या आयनं पेंड टाकली, तिच्या आयनं टाकली. झिंगं तसंच नाचत रातात. मंग ह्या जालीतलं झिंगं कशानं मेलं?"

तिनं कासोटा घट्ट केला, तळ्याच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि पदरानं पाणी गाळलं. पदरात पाचसहा झिंगे टणाटण उड्या मारत होते.

काठावर कुणी हसलं नाही. नम्रता एकदा पदराकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मग तिनं मला बोटांत धरून चुरगाळलं, वास घेतला, आणि ती पांढरीफटक पडली.

"मावशी, ह्या मच्छरदाणीला कोपऱ्यात कापडाची पट्टी होती का?"

"व्हती. टोचत व्हती. कापली."

"कुठाय?"

हिरी गोंधळली. तेव्हा कधी न बोलणारी प्रेमा पुढे आली. तिनं सासूच्या कमरेची किल्ली ओढली, पट्टी सरळ केली, सहा वर्षांचा मळ थुंकी लावून पुसला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं, "औषध... मुरवलेली... मच्छरदाणी. नदी, ओढा, तळं यांत... धुवू नये. माशांना... घातक."

मित्रांनो, माझ्या पाठीवर काय लिहिलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. ज्या औषधाचा मी एवढा तोरा मिरवला, त्यानंच माझ्या कुशीतली दहा पिल्लं मारली होती. मला कुणी वाईट बोललं नाही. ते जास्तच लागलं.

आता नम्रता काय करते इकडे माझं लक्ष होतं. तिला सुटायला वाट होती. पट्टी हिरीनं कापली होती. मच्छरदाणी हिरीनं दिली होती. नम्रतानं तर साफ "जुनी" म्हणून सांगितलं होतं. एवढं बोलली असती तर नोकरीवर डाग आला नसता, आणि हिरीनंही मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. शहाणी माणसं अशा वेळी हेच करतात, हे मी पुष्कळदा ऐकलंय.

नम्रता काठावर उभी राहिली. तिच्या सलवारीतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. पाण्याचा दोष नाही. पेंडीचा दोष नाही. हिरीमावशींचाही नाही. मच्छरदाणी कसली आहे हे मी विचारायला हवं होतं. मला हे माहीत असायला हवं होतं, तेच माझं काम आहे. चूक माझी."

देवरामनंसुद्धा डोक्यावरची टोपी जरा मागे सारली.

"पन म्याडम," तो म्हणाला, "झिंगं जगलं म्हनून मासं जगतील कशावरनं? पेंड झिंग्याला मारत नाय, ते हीच म्हनाली."

प्रश्न बिनतोड होता. नम्रता म्हणाली, "बरोबर बोललात. म्हणून मी परत दहा आणते. उद्या दुपारी गाडी येईपर्यंत जगल्या तर बी पडेल. नाही जगल्या तर मी स्वतः गाडी परत पाठवीन."

"आता खर्डीला जानार नि परत येनार?" हिरीनं विचारलं. "जेवून तरी जा."

"एसटी चुकेल."

ती गेलीसुद्धा. हिरीनं प्रेमाला तिच्यामागे पळवलं आणि फडक्यात बांधलेली भाकर तिच्या हातात कोंबायला लावली.

आता पिल्लं ठेवायची कशात? मला तर पाण्यातून काढून सावलीत टांगलं होतं. दारात बसणारा कमळू उठला. त्यानं बांबूच्या इतक्या बारीक काड्या काढल्या की विणीत सुईसुद्धा अडकावी. दिवस कलेपर्यंत त्यानं एक उभी टोपली विणली, झाकणासकट. वहिनीनं कौतुकानं बघितलं तर म्हणाला, "कोंबड्यांसाटी इनतोय." मग तीच टोपली त्यानं तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, मला बुडवलं होतं तिथून सगळ्यात लांब, नेऊन रोवली.

सांज व्हायच्या आत नम्रता परतली. एका दिवसात सहा एसट्या. पिशवी मांडीवर धरून धरून हात आखडले होते. दहा बोटुकल्या कमळूच्या टोपलीत गेल्या, आणि ती तिथेच काठावर बसली. शनिवारी सकाळपासून बाराच्या बारा बायका येऊन बसल्या. देवरामही आला होता. तो जरा लांब उभा होता, पण तोही टोपलीकडेच बघत होता.

भर दुपारी रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. नम्रतानं कमळूला खूण केली. "काका, तुम्ही उघडा."

कमळूनं झाकण काढलं, आत डोकावला आणि डोकं वर काढेना. हिरी ओरडली, "अरे बोल की मेल्या!"

"मोजतोय!" कमळू ओरडला. "गप बसत नायत, मोजू कशी? सात... आठ... ही परत आली... धा! वयनी, धा!"

आठशे बोटुकल्यांच्या पिशव्या बारा बायकांनी डोक्यावरून तळ्यापर्यंत आणल्या. पिशव्या पाण्यात तरंगत ठेवल्या, अर्धा तास वाट पाहिली, मग गाठी सोडल्या. कुणी शिकवायला लागलं नाही. शेवटची पिशवी धरायला एक हात कमी पडत होता. देवरामनं धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला. "धर गो नीट, सांडशील," असं म्हणत तो पुढे झाला. हिरीनं त्याला पिशवीचं दुसरं टोक दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात जाळं ओढलं, तेव्हा किलोकिलोचे रोहू आणि कटला निघाले. तळं आजही बायकांचंच आहे. नम्रता आता दुसऱ्या गावांत जाते. नव्या गावात ती पहिल्या दिवशी दहा बोटुकल्यांची गोष्ट सांगते, आणि तिची सुरुवात "माझी चूक झाली" अशीच करते. लोक तिथूनच कान देऊन ऐकू लागतात म्हणे. प्रेमाही आता तिच्याबरोबर खर्डीकडच्या पाड्यांवर शिकवायला जाते. बोलत नव्हती ती प्रेमा!

आणि माझं काय झालं? मला फेकलं नाही. प्रेमानं माझे टाके उसवले, मला सावलीत वाळवलं आणि पहिल्यांदाच माझ्या खऱ्या कामाला लावलं. तिच्या धाकट्या मुलीवर, हर्षालीवर, मी रोज टांगली जाते. ती मला पायानं ढकलते, चावते, माझ्याआडून आजीला वाकुल्या दाखवते. तिला हिवताप आलेला नाही. फाटक्या मच्छरदाणीला सुट्टी मिळाली. मला एक भोकही पडलंय, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्यातरी पेटीत चांगली वस्तू पाहुण्यांची वाट बघत पडली असेल. तिला बाहेर काढा. ज्या कामासाठी ती जन्मली ते काम तिला द्या. भलत्या कामाला जुंपण्याआधी तिच्या अंगात काय आहे ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि कुणी शिकवायला आलं तर त्याच्या चुकीला हसण्याआधी तो ती कबूल करतो का, एवढं बघा.

आता या सगळ्यात कुणी काय दिलं ते सांगते आणि थांबते. नम्रतानं एका दिवसाच्या सहा एसट्या आणि चारचौघांत आपला मोठेपणा दिला. हिरीनं पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू दिली. कमळूनं एक टोपली दिली आणि ती दिली हे अजून कबूल केलेलं नाही. देवरामनं तळं सोडलं, वर धोतर भिजवलं. यातल्या प्रत्येकाला दिलं त्याहून जास्त परत मिळालं. फक्त पहिल्या दहा बोटुकल्यांनी आणि ओंजळभर झिंग्यांनी जे दिलं, त्याची परतफेड कुणाला करता आली नाही.